सरकारी वकिलाचा पक्षकार कोण?

नुकतीच सनद घेतलेल्या एका तरुण वकिलाने तीन प्रश्न विचारले आहेत. फौजदारी खटल्यात सरकारी वकील नेमके काय करतो? तो पोलिसांचा वकील असतो की फिर्यादीचा? आणि खटला चालवत असताना आरोपीच्या दोषाविषयी त्याच्याच मनात शंका आली तर त्याने काय करावे? मी आधी न्यायदंडाधिकारी न्यायालयांत आणि नंतर सत्र न्यायालयात मिळून एकवीस वर्षे सरकार पक्षाचे काम केले आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट उमगले की पहिल्या दोघांची उकल आपोआप होते असा माझा अनुभव आहे, म्हणून सुरुवात एका प्रसंगापासून करतो.

शेताच्या सामाईक बांधावरून झालेल्या खुनाचा तो खटला होता. आरोपी तिघे सख्खे भाऊ, प्रत्यक्षदर्शी साक्षीदार दोन, आणि जप्त केलेल्या कोयत्यावर मयताच्या रक्तगटाचे रक्त असल्याचा रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. कागदावर प्रकरण भक्कम होते. पहिला साक्षीदार तपासण्याच्या आदल्या संध्याकाळी मी केस डायरी, म्हणजे पोलिसांची तपासाची रोजनिशी, मागवून वाचत बसलो होतो. तिच्यात मला दीड पानांचा एक जबाब सापडला, जो दोषारोपपत्रासोबत जोडलेला नव्हता. दवाखान्यात काम करणाऱ्या एका माणसाने पोलिसांना सांगितले होते की, घटनेच्या सुमारास तिघांतला धाकटा भाऊ तापाने फणफणलेल्या मुलीला घेऊन दवाखान्यात बसलेला होता. तपासी अंमलदाराला विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, तो माणूस त्यांच्या नात्यातला आहे, म्हणून जबाब जोडला नाही." नाते हा उलटतपासाचा मुद्दा आहे, जबाब बाजूला ठेवायला ते कारण पुरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुरशिस, म्हणजे न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन, देऊन मी तो जबाब अभिलेखावर आणला आणि त्याची प्रत बचाव पक्षाच्या वकिलांच्या हाती दिली. पुढे बचाव पक्षाने त्या माणसाची साक्ष घेतली, दवाखान्याची नोंदवही न्यायालयात आली, तिच्यातली नोंद त्याच दिवशी आणि त्याच वेळी केलेली निघाली. थोरल्या दोघांना जन्मठेप झाली आणि धाकटा निर्दोष सुटला. निकालानंतर मयताचे वडील व्हरांड्यात माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी एवढेच विचारले, "साहेब, तुम्ही आमचे वकील होता ना?"

कायद्याने मी त्यांचा वकील नव्हतो, आणि पोलिसांचाही नव्हतो. गुन्हा एका माणसाविरुद्ध घडलेला असला तरी खटला चालवते ते शासन, कारण गुन्ह्यामुळे सगळ्यांच्याच सुरक्षिततेला धक्का लागलेला असतो. हे शासन म्हणजे फिर्यादी, पोलीस, शेजारी आणि आरोपी या सर्वांचेच शासन आहे. म्हणूनच १९९९ साली शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, काहीही करून आरोपीला शिक्षा मिळवणे हे सरकारी वकिलाचे ध्येय असू शकत नाही, आणि आरोपीला कायद्याने मिळणारा एखादा लाभ बचाव पक्षाच्या नजरेतून सुटला असेल तर तो न्यायालयाच्या ध्यानी आणून देणे हेही त्याचेच काम आहे. खासगी वकिलाला असे बंधन नसते. अशिलाच्या विरोधातला कागद स्वतःहून पुढे करणे त्याच्या कर्तव्यात बसत नाही. सरकारी वकिलाला मात्र तो कागद दडवण्याची मुभाच नाही. मनू शर्मा विरुद्ध राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी वकिलाच्या या प्रकटीकरणाच्या कर्तव्याची सविस्तर चर्चा केली आहे. पुढे २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने फौजदारी खटल्यांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत तपासात हाती आलेले पण सरकार पक्ष आधार घेणार नसलेले जबाब, कागद आणि वस्तू यांची यादी आरोपीला दिली गेली पाहिजे असे म्हटले. ही यादी वेळेवर आणि पुरी मिळते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मी सरकारी वकिलाचीच मानतो.

पोलिसांपासूनचे अंतर कायद्याने मुद्दाम राखलेले आहे. एके काळी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचे खटले पोलीस खात्यातलेच अधिकारी चालवत असत. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती पद्धत बदलली, तरी नेमलेले सहायक सरकारी अभियोक्ते पोलीस खात्याच्या प्रशासकीय ताब्यातच राहिले होते. एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पोलिसांच्या नियंत्रणातून पूर्णपणे बाहेर काढण्याचा आदेश महाराष्ट्र शासनाला दिला. हा निकाल आपल्याच राज्यातून गेलेल्या प्रकरणातला आहे, तरी नव्याने रुजू होणाऱ्यांपैकी अनेकांना तो माहीत नसतो, याची मला खंत वाटते. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १८ मध्ये सरकारी वकील, अतिरिक्त व विशेष सरकारी वकील, कलम १९ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचे सहायक सरकारी अभियोक्ता आणि कलम २० मध्ये अभियोग संचालनालय यांची तरतूद आहे. जिल्ह्यात सरकारी वकील होण्यासाठी किमान सात वर्षांची आणि विशेष सरकारी वकील होण्यासाठी दहा वर्षांची वकिली लागते. महाराष्ट्रात सहायक सरकारी अभियोक्त्यांची निवड लोकसेवा आयोगामार्फत होते.

तपासावर सरकारी वकिलाचा ताबा नसतो, आणि नसावा. आर. सरला विरुद्ध टी. एस. वेलू या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सरकारी वकिलाचे मत घेऊन त्यानुसारच अंतिम अहवाल दाखल करा असे तपासी अंमलदाराला फर्मावता येत नाही. तपास कुणावर रोखायचा हे वकील ठरवू लागला तर पुढे त्याच तपासाकडे तो तटस्थ नजरेने पाहू शकणार नाही. तरीही अंमलदार कागद घेऊन सल्ला विचारायला येतो आणि त्याने यावेच, कारण नव्या संहितेने पोलीस अहवालाच्या छाननीचे काम अभियोग संचालनालयाकडे सोपवलेले आहे. या छाननीत मी सर्वांत आधी तारखा आणि वेळा एका कोऱ्या कागदावर ओळीने उतरवून काढतो: घटना कधी घडली, खबर कधी मिळाली, गुन्हा किती वाजता दाखल झाला, प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचा जबाब कोणत्या दिवशी झाला, जप्त वस्तू ठाण्याच्या मुद्देमाल नोंदवहीत कधी चढली आणि प्रयोगशाळेत कधी पोहोचली. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार गावातच होता आणि त्याचा जबाब सहाव्या दिवशी घेतला, असे त्या कागदावर दिसले की विचारायचा प्रश्न समोर उभाच राहतो. त्यानंतर मंजुरी तपासतो. बेकायदा पिस्तूल बाळगल्याचा खटला जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीवाचून आणि लाचखोरीचा खटला सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून टिकत नाही, आणि ही उणीव निकालाच्या वेळी उघड झाली तर सगळे कष्ट वाया जातात.

जामिनाचा विषय येथेच येतो. अर्ज आला की 'सरकार पक्षाचे म्हणणे' म्हणून पोलिसांच्या पत्रातला मजकूर जसाच्या तसा उतरवायचा आणि शेवटी तीव्र विरोध आहे असे लिहायचे, ही सवय मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. सुरुवातीची काही वर्षे ती मलाही होती. सर्वोच्च न्यायालयाने हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९९४ च्या निकालात बजावले आहे की सरकारी वकील हे तपास यंत्रणेचे टपाल कार्यालय नव्हे. ते वाक्य टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली तपासाची मुदत वाढवून मागणाऱ्या अहवालाबाबत होते, पण त्याचा अर्थ प्रत्येक जामीन अर्जाला लागू होतो. आरोपी पळून जाण्याची शक्यता खरोखर आहे का, साक्षीदार त्याच्याच गल्लीत राहतात का, जप्ती पुरी झाली का, याचा स्वतः विचार करून जेथे विरोध करायचा तेथे कारणे देऊन करावा, आणि जेथे अटींवर भागते तेथे अटी सुचवाव्यात. ज्याचा विरोध दररोजचा असतो, त्याच्या खऱ्या विरोधाकडेही न्यायाधीश हळूहळू कमी लक्ष देऊ लागतात. आणखी एक गोष्ट तारखेची. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत नव्वद दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत साठ दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्कच होतो. माझ्या टेबलावरच्या वहीत प्रत्येक गंभीर गुन्ह्याची ही तारीख लाल शाईने लिहिलेली असते आणि तिच्या पंधरा दिवस आधी अंमलदाराला फोन जातो.

आता खटल्याच्या गाभ्याकडे, म्हणजे पुराव्याकडे येतो. सिद्धतेचा भार सरकार पक्षावर असतो आणि तो वाजवी शंकेपलीकडे पार पाडावा लागतो, हे सर्वांना पाठ असते. रोजच्या कामात त्याचा अर्थ काय होतो हे मात्र न्यायालयात उभे राहिल्यावरच कळते. सरतपासात, म्हणजे आपणच बोलावलेल्या साक्षीदाराला तपासताना, उत्तर सुचवणारे सूचक प्रश्न विचारता येत नाहीत. "आरोपीने कोयता मारला तेव्हा तुम्ही पाहिले ना?" असे विचारले की बचाव पक्षाचे वकील उठतात, आणि ते उठले नाहीत तरी त्या उत्तराला वजन राहत नाही. "त्या वेळी तुम्ही कुठे होता? तेथून काय दिसत होते? मग काय झाले?" अशा छोट्या, मोकळ्या प्रश्नांनी साक्षीदाराला त्या जागेवर परत नेऊन उभे करावे लागते, आणि तो बोलू लागला की आपण गप्प बसावे लागते. हे गप्प बसणे शिकायला मला बराच काळ लागला.

साक्षीदाराची तयारी हा नाजूक विषय आहे, कारण आठवण करून देणे आणि पढवणे यांच्यातली सीमा एखाद्या शब्दानेही ओलांडली जाते. साक्षीच्या दिवशी मी साक्षीदाराला त्याचा जबाब वाचून दाखवतो, न्यायालयात कोण कुठे बसते ते सांगतो, प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा म्हणायचे हे समजावतो, आणि तेथेच थांबतो. एका वृद्ध आजींना त्यांचा जबाब वाचून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "हे शेवटचं मी बोलले नव्हते, साहेब. मी आवाज ऐकला, माणूस पाहिला नाही." जबाबात आरोपीला पळताना पाहिल्याचे लिहिलेले होते. मी त्यांना सांगितले की, आजी, जे पाहिले आणि ऐकले तेवढेच सांगा. त्यांनी तसेच सांगितले, आणि उलटतपासात त्या जराही डळमळल्या नाहीत. त्यांनी ऐकलेल्या ओरडण्याची वेळ वैद्यकीय पुराव्याशी जुळली आणि तो दुवा शेवटी उपयोगी पडला. पळताना पाहिल्याचे त्यांच्या तोंडून वदवून घेतले असते, तर घराची खिडकी आणि रस्ता यांच्यामध्ये भिंत आहे हे घटनास्थळाच्या नकाशावरून दाखवून बचाव पक्षाने सगळी साक्षच निकालात काढली असती.

साक्षीदारांच्या बाबतीत आणखी एक जबाबदारी आहे, जी कोणत्याही कलमात ठळकपणे लिहिलेली नाही. समन्स मिळाल्यावर मजुरी बुडवून माणूस सकाळी अकराला येतो, संध्याकाळपर्यंत बाकावर बसतो आणि पुढची तारीख घेऊन परत जातो. असे तीनदा झाले की चौथ्या वेळी तो येत नाही, किंवा येतो तो विरुद्ध बाजूच्या माणसांसोबत. म्हणून पैरवीच्या, म्हणजे न्यायालयातले पोलिसांचे काम पाहणाऱ्या, हवालदाराकडून आदल्या दिवशीच कोण येणार आहे याची यादी घ्यावी, न्यायाधीशांना सकाळीच विनंती करावी, आणि आलेला साक्षीदार न तपासता पाठवायची वेळ आलीच तर त्याला स्वतः जाऊन कारण सांगावे व त्याचा भत्ता मिळेल असे पाहावे. जिवाची भीती असलेल्या साक्षीदारासाठी सर्वोच्च न्यायालयाने महेंद्र चावला प्रकरणात २०१८ मध्ये मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना आहे आणि नव्या संहितेच्या कलम ३९८ नेही राज्यांना अशी योजना करण्यास सांगितले आहे. तिची माहिती साक्षीदाराला आपणच द्यायची असते.

तरीही साक्षीदार फितूर होतात. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १५७ खाली न्यायालयाची परवानगी घेऊन आपल्याच साक्षीदाराला उलटतपासासारखे प्रश्न विचारता येतात, आणि येथे बहुतेक नवखे वकील घाई करतात. पोलिसांकडे दिलेला सगळा जबाब एकदम वाचून "असे तुम्ही सांगितले होते का?" म्हणून विचारतात, साक्षीदार "नाही" म्हणतो आणि काम झाल्यासारखे वाटते. खरे तर विसंगतीचा नेमका मजकूर त्याच्यासमोर ठेवून, तो भाग खुणेने वेगळा दाखवून, पुढे जबाब नोंदवणाऱ्या अंमलदाराच्या साक्षीत तो सिद्ध करावा लागतो. ही दुसरी पायरी राहिली तर पहिलीचा उपयोग नाही. शिवाय फितूर ठरलेल्या साक्षीदाराची साक्ष सगळी पुसली जात नाही. घटनास्थळी आपण हजर होतो एवढे जरी त्याने मान्य केले, तरी तेवढा भाग इतर पुराव्याच्या आधाराने उपयोगात येऊ शकतो.

मुद्देमालाविषयी मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक त्यातली आहे. भरलेल्या न्यायालयात कारकुनाने लाखेचे सील फोडले, तपकिरी कागद उलगडला, आणि आतून काळ्या प्लॅस्टिकच्या मुठीचा सुरा बाहेर आला. समोर उभ्या असलेल्या पंचाने नुकतेच, जप्ती पंचनाम्यात लिहिल्याप्रमाणे, लाकडी मुठीचा सुरा असे सांगितले होते. पाकिटावरच्या चिठ्ठीवर सही त्या पंचाचीच होती. ठाण्यात दोन गुन्ह्यांचा मुद्देमाल एकाच वेळी पाठवताना चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असावी, असा खुलासा अंमलदाराने नंतर केला, पण तोवर पुराव्यातला तो दुवा तुटला होता. खटला निर्दोषमुक्तीत संपला. पाकीट न्यायालयासमोर पहिल्यांदाच उघडले जाणार होते हे खरे, परंतु प्रयोगशाळेच्या अहवालात वस्तूचे वर्णन होते, आणि त्यात प्लॅस्टिकची मूठ असे स्वच्छ लिहिलेले होते. मी त्या अहवालाचा फक्त निष्कर्ष वाचला होता. तेव्हापासून पंचनाम्यातले वर्णन, नोंदवहीतले वर्णन, प्रयोगशाळेला पाठवलेल्या पत्रातले वर्णन आणि अहवालातले वर्णन ही चारही मी शेजारी शेजारी ठेवून वाचतो. तफावत आढळली तर खुलासा करू शकेल असा माणूस, म्हणजे मुद्देमाल सांभाळणारा किंवा तो घेऊन गेलेला कर्मचारी, साक्षीदारांच्या यादीत आहे का ते पाहतो. यादीत नसल्यास त्याला बोलावण्यासाठी नव्या संहितेच्या कलम ३४८ खाली अर्ज देतो.

मोबाइल, कॅमेऱ्याचे चित्रीकरण आणि कॉलच्या नोंदी आता जवळपास प्रत्येक खटल्यात असतात. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या २०२० च्या निकालाने इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र असणे अनिवार्य असल्याचे पक्के केले. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक नोंद सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि दोन्हींत हॅश मूल्य, म्हणजे त्या नोंदीची संगणकाने काढलेली ओळखखूण, लिहायचे असते. ती आकड्या-अक्षरांची लांबलचक ओळ दोन्ही भागांत तंतोतंत जुळते का हे स्वतः एकेक अक्षर लावून पाहावे. हे काम दुसऱ्यावर सोपवू नये.

बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत प्रश्न विचारण्याची रीतच निराळी आहे. पोक्सो कायद्याच्या कलम ३३ नुसार सरकारी वकील आणि बचाव पक्षाचे वकील या दोघांनीही आपले प्रश्न न्यायालयाला सांगायचे आणि न्यायालयाने ते मुलाला विचारायचे, अशी व्यवस्था आहे. हे अनेकदा पाळले जात नाही. बचाव पक्षाने थेट प्रश्न विचारायला सुरुवात केल्यावर हरकत घ्यायची तर आपण स्वतः सरतपासात ती मर्यादा पाळलेली असली पाहिजे.

पीडिताच्या कुटुंबाने नेमलेल्या खासगी वकिलाविषयीही नेहमी गैरसमज होतो. तो सरकारी वकिलाला साहाय्य करू शकतो आणि पुरावा संपल्यावर न्यायालयाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देऊ शकतो, परंतु सत्र खटला चालवण्याची सूत्रे त्याच्याकडे जात नाहीत. रेखा मुरारका विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, त्याला सुचलेला प्रश्न त्याने सरकारी वकिलामार्फत मांडावा. याचा अर्थ त्याला दूर ठेवावे असा मुळीच नाही. गावातली नाती, वाटा आणि जुनी भांडणे यांची जी माहिती त्याला असते ती आपल्या कागदांत नसते. मी अशा वकिलांना साक्षीच्या आधी अर्धा तास बोलावतो आणि त्यांच्या सूचना लिहून घेतो, मात्र कोणता प्रश्न विचारायचा हे मी ठरवतो, कारण त्याचा जाब मला द्यायचा असतो.

हा जाब सर्वांत कठीण होतो तो खटला मागे घेण्याच्या वेळी. संहितेच्या कलम ३६० नुसार, म्हणजे पूर्वीच्या कलम ३२१ नुसार, हा अर्ज सरकारी वकिलाने करायचा आणि न्यायालयाने संमती द्यायची असते. व्यवहारात शासनाचा निर्णय पत्राने येतो आणि त्याखाली सही करावी अशी अपेक्षा असते. कायद्याची अपेक्षा मात्र अशी आहे की वकिलाने कागद स्वतः वाचावेत, माघार घेणे न्यायाच्या हिताचे आहे का याचा स्वतः विचार करावा, आणि तसे पटले तरच अर्ज द्यावा. नव्या संहितेने त्यात पीडिताला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय परवानगी देऊ नये अशी भर घातली आहे, जी मला फार मोलाची वाटते. आजी-माजी आमदार-खासदारांवरील खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाहीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला आहे. एका दंगलीच्या खटल्यात असे पत्र माझ्याकडे आले होते. त्यात जखमी झालेल्या एका महिलेचा हात कायमचा अधू झाला होता. मी कारणे लिहून, अर्ज करणे मला योग्य वाटत नाही, असा अभिप्राय वर पाठवला. तो खटला पुढे दुसऱ्या वकिलाकडे गेला. अशा वेळी अभिप्राय लेखी द्यावा आणि त्यात कागदांवर दिसते त्याखेरीज एकही शब्द लिहू नये.

युक्तिवादाच्या वेळी आपला पुरावा जेवढा आहे तेवढाच मांडावा. परिस्थितिजन्य पुराव्याचे प्रकरण असेल तर शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८४ च्या निकालातल्या पाच कसोट्या मी आधी स्वतःच्या कागदांना लावतो. साखळीतला एखादा दुवा नसेल, तर तो नाही हे न्यायालयाला आपल्याकडूनच कळावे आणि त्यामुळे निष्कर्ष का बदलत नाही हेही आपणच सांगावे. शिक्षेच्या मुद्द्यावर फाशीची मागणी करण्याआधी तर विशेष थांबावे. मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या २०२२ च्या निकालानंतर आरोपीची मानसिक स्थिती, पार्श्वभूमी आणि सुधारण्याची शक्यता याविषयीची सामग्री न्यायालयापुढे आणणे ही शासनाचीही जबाबदारी ठरली आहे, आणि शासनाच्या वतीने ती आणणारा माणूस सरकारी वकीलच असतो. त्याच वेळी पीडिताला भरपाई मिळावी यासाठी संहितेच्या कलम ३९६ खालील योजनेची विनंती करायला विसरू नये. न्यायाधीशांच्या मनात असले तरी कुणी विनंती केली नाही म्हणून ती शिफारस राहून गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

निकालानंतर अपिलाचा अभिप्राय द्यावा लागतो. गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक निर्दोषमुक्तीची छाननी करून तपासात आणि खटल्यात कुणाचे काय चुकले ते शोधण्यास सांगितले आहे. मुठीच्या प्रकरणात मी माझी चूक त्या अभिप्रायात लिहिली. धाकट्या भावाच्या बाबतीत अपील करण्याजोगे कारण नाही असे लिहिले.

त्याच्या निकालाच्या दिवशी मयताच्या वडिलांना मी व्हरांड्यातून माझ्या खोलीत नेले. त्यांना सांगितले की मी शासनाचा वकील होतो, तुमचा मुलगा ज्यांनी मारला त्यांना शिक्षा व्हावी हे माझे काम होते आणि ज्याने मारला नाही त्याला होऊ नये हेही माझेच होते. माझे मत काहीही असले तरी निर्दोषमुक्तीविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याचा तुमचा स्वतंत्र हक्क कायद्यात आहे, आणि त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हेही सांगितले. निकालपत्राची प्रत मिळाल्यावर ते पुन्हा आले. त्यांना वाचता येत नव्हते. दवाखान्याच्या नोंदवहीचा परिच्छेद त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, नोंद करणाऱ्या माणसाचे नाव विचारले, त्या मुलीला नेमके काय झाले होते ते विचारले. मग अपिलाची मुदत विचारून घेतली आणि प्रत घडी घालून पिशवीत ठेवली. अपील त्यांनी केले नाही.